औशाच्या घरांना गारवा कशानं मिळेल?

इंग्लंड-अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिल्या हिवाळ्याआधीच एक निर्णय घ्यावा लागतो. सगळं घर एकाच यंत्रणेवर गरम कसं ठेवायचं? गॅसवर पाणी तापवून ते खोल्याखोल्यांतून फिरवायचं, भट्टीची गरम हवा नळांतून सोडायची, की बाहेरच्या हवेतली ऊब खेचून आत आणणारा उष्णता पंप बसवायचा? घराचं महिन्याचं बिल या एका निवडीवर ठरतं, म्हणून तिथं लोक त्यावर महिनोन् महिने विचार करतात. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात हाच प्रश्न उलटा होऊन समोर येतो. इथं ऊब विकत घ्यावी लागत नाही, मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ती नको इतकी मिळते. मिळवायचा असतो तो गारवा. मात्र घर बांधताना या प्रश्नाला आपल्याकडे पाच मिनिटंही दिली जात नाहीत. प्लॅन ठरतो, पिलर ठरतात, फरशीचा रंगही ठरतो, आणि छताखाली मे महिन्यात माणूस कसा झोपेल हे कूलर आणू तेव्हा बघू म्हणून सोडून दिलं जातं.

औशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि त्याला बगल देऊन कुठलाही सल्ला देणं बेजबाबदारपणाचं ठरेल. ज्या छपरानं इथल्या माणसाला शतकानुशतकं गारवा दिला, तेच छप्पर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात त्याच्या अंगावर आलं.

आधी जुन्या उपायांकडे पाहू. औशाच्या भुईकोट किल्ल्यात जमिनीखाली एक मोठं दालन आहे आणि त्याच्या डोक्यावर पाण्याचा हौद आहे. दालनाचं छत हाच हौदाचा तळ. वर पाणी, चारी बाजूंनी माती, मग उन्हाळा आत शिरणार कुठून? पलीकडे नळदुर्गला बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाही काळात पाणीमहाल बांधला गेला, त्यामागेही हीच समज होती. पाणी आणि माती यांच्या आड गेलं की ऊन मागे राहतं, हे त्या बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हौदाखालची खोली राजवाड्याला परवडते, शेतकऱ्याला नाही. शेतकऱ्यानं आपलं उत्तर मातीत शोधलं. ते उत्तर म्हणजे माळवद.

माळवदाच्या घराची भिंत दगडमातीची आणि दोन हात रुंद, कुठे त्याहूनही जाड. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर किलचण म्हणजे लाकडी पट्ट्यांचं आच्छादन, वर पाला आणि सगळ्यांच्या वर पांढरीच्या मातीचा थर. ही माती पाणी आत झिरपू देत नाही, म्हणून गावोगावी तिची ख्याती. दर पावसाळ्याआधी गळती धरू नये म्हणून आणखी थोडी माती टाकायची, अशी रीत. बापानं टाकलेल्या मातीवर मुलानं टाकलेली माती, असं करत हा थर फूट-दीड फुटावर जायचा, काही घरांत दोन फुटांच्याही वर. दुपारचं ऊन एवढ्या जाडीतून आतल्या बाजूला पोचायला मध्यरात्र उलटते, आणि तोवर बरंचसं वाटेतच विरून जातं. म्हणून मे महिन्याच्या भर दुपारी माळवदाखाली अंगावर चादर घ्यावीशी वाटते असं म्हातारी माणसं सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती कमीच आहे. डिसेंबरात हीच माती दिवसाची ऊब धरून ठेवते. उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असं दोन्ही देणारं, शिवाय ज्याला वीजही लागत नाही आणि पाणीही, असं दुसरं साधन या भागाला अजून मिळालेलं नाही, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे.

आता त्याची किंमत. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड-पावणेदोन फूट माती असेल तर तिचं वजन सुमारे नऊ टन भरतं, पावसानं भिजली की त्याहून जास्त. तेवढ्याच खोलीवर सिमेंटचा पाच इंची स्लॅब टाकला तर तीन-साडेतीन टन. पत्रा आणि त्याचे अँगल मिळून दोनशे किलोही होत नाहीत. भूकंपात घरावर येणारा आडवा झटका घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. माळवदाच्या घरात सगळ्यात जास्त वजन सगळ्यात उंच जागी आणि ते पेलणारी भिंत मातीत बसवलेल्या गोट्यांची, आत एक थर, बाहेर एक थर आणि मध्ये भर. दोन्ही थर एकमेकांना बांधणारा लांब दगड फारसा कुठे नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीजवळ जमीन हलली. भिंतींचे थर फाकले, तुळया निसटल्या, माती खाली आली. ६.२ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप जगाच्या हिशेबात मध्यम समजला जातो. इथं त्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, कित्येक हिशेबांत हा आकडा दहा हजारांपर्यंत जातो. औसा तालुक्यातली आणि शेजारच्या त्या वेळच्या उमरगा तालुक्यातली गावं भुईसपाट झाली. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पक्का होता आणि त्यानं छत तोलून धरलं, तिथं भिंती पडूनही काही माणसं वाचली, हेही त्याच पडझडीतून कळलं.

त्यानंतरचं पुनर्वसन देशात गाजलं. जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या त्या कार्यक्रमात पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली गेली. काँक्रीटचे ठोकळे, आगाऊ ओतलेले तक्ते, काही ठिकाणी घुमटाकार घरं, असे नाना प्रयोग झाले. भूकंपाला ती टिकावीत, हा एकच निकष तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि त्या वेळी तो असायलाच हवा होता. त्याबद्दल त्या लोकांना दोष देता येणार नाही. पण उन्हाळ्याचा विचार त्या नकाशांत कमी पडला. जुन्या गावठाणात अरुंद बोळ होते, एका घराची सावली दुसऱ्यावर पडायची, ढाळज आणि ओसरी उन्हाला दारातच अडवायच्या. नव्या गावांत रुंद सरळ रस्ते आले, घरं सुटी सुटी उभी राहिली आणि चारी भिंती व छत दिवसभर उघड्यावर तापू लागलं. लोकांनी मग हळूहळू आपापल्या घरांपुढे पत्र्याची पडवी काढली, मागे स्वयंपाकाला छप्पर घातलं, दारात कडुनिंब लावला. भूकंपानंतर तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये काढलेले उन्हाळे इथल्या लोकांच्या आठवणीत अजून आहेत. दगडमातीच्या घराची भीती मात्र इतकी खोल बसली की दगड हे साहित्यच नको झालं. तीस वर्षांनंतर आज औशात आणि खेड्यापाड्यांत नवं घर म्हणजे दोनच प्रकार उरले आहेत: ऐपत असेल तर स्लॅब, नसेल तर पत्रे.

यातलं कुठलंही घर गार करायचं तर आधी ऊन कुठून येतं हे पाहावं लागतं. औसा साधारण सव्वाअठरा अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य इथं अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. म्हणजे ऐन कडक उन्हाळ्यात दुपारी भिंतींवर ऊन फारसं पडतच नाही, सगळं छतावर ओततं. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरला एक किलोवॅटच्या आसपास उष्णता वरून येते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीवर म्हणजे एक किलोवॅटच्या अकरा विजेच्या शेगड्या छपरावर पेटवून ठेवल्यासारखं होतं. खाली पंखा लावून या शेगड्यांशी झुंजायचं की त्या पेटूच द्यायच्या नाहीत, एवढाच खरा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे. पहिला रुपया छतावर खर्च व्हायला हवा. भिंतींमध्ये काळजी घ्यायची ती पश्चिमेच्या भिंतीची, कारण चारनंतरचं तिरपं ऊन तीच खाते.

पत्र्याचं घर भूकंपात सगळ्यात कमी घातक आहे आणि उन्हात सगळ्यात वाईट. पत्रा साठ अंशांच्या वर सहज तापतो आणि ती धग थेट डोक्यावर येते. त्याचा एकच गुण म्हणजे रात्री तो लवकर निवतो. अशा घरात पत्र्याखाली हात-दीड हात अंतर सोडून दुसरं हलकं छत, मग ते बांबूच्या चटईचं असो, प्लायचं असो की थर्माकोलच्या तक्त्यांचं, लावलं आणि मधल्या पोकळीतली गरम हवा दोन्ही टोकांच्या जाळीतून निघून जाऊ दिली, तर खोली बदलून जाते. थर्माकोल मात्र चुलीच्या खोलीत नको, तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. बरेच जण पत्र्यावर तुराट्या किंवा कडबा अंथरतात. तुरीच्या या मुलखात ते फुकट मिळतं आणि कामही चोख करतं, पण एका ठिणगीनं सगळं घर जाऊ शकतं, उंदीर-साप येतात ते वेगळंच. त्यापेक्षा पत्र्याला वरून पांढरा रंग देणं बरं. नवे पत्रे घेणार असाल तर मध्ये फोमचा थर असलेले पत्रे आता मिळतात. ते महाग आहेत, पण गोठ्याला नाही तरी निजायच्या खोलीला घ्यावेत असं मला वाटतं.

स्लॅबची तक्रार वेगळी. चार-पाच इंचांचं काँक्रीट ऊन लगेच आत सोडत नाही, तीन-चार तासांनी सोडतं. म्हणून दुपारी बरी वाटणारी खोली संध्याकाळी सातला तापलेली असते आणि रात्री अकरापर्यंत भट्टीच राहते. माणसं गच्चीवर झोपायला जातात ती यामुळे. गच्चीवर उघड्यावर झोपणं हा या पठारावरचा उत्तम उपाय आहे. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच असलेल्या या भागात मे महिन्यातही पहाटे पारा पंचविशीच्या आसपास उतरतो. पण म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही, बाळंतिणीला वर नेता येत नाही, आजारी माणूस खालीच राहतो. उष्माघातानं धोक्यात येतात ती हीच माणसं.

स्लॅबसाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे पांढरी गच्ची. चांगला पांढरा पृष्ठभाग आलेल्या उन्हाचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग परत आकाशात पाठवतो. काळपट, शेवाळलेला स्लॅब त्यातला बहुतेक पिऊन घेतो. होळीच्या सुमारास गच्ची झाडून-धुऊन चुन्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात दिले, तर छताचा वरचा पृष्ठभाग दहा अंशांहून जास्त उतरू शकतो आणि खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. ऐकायला हे थोडं वाटतं, पण चाळीस आणि सदतीस अंशांतला फरक शरीराला चांगलाच कळतो. अहमदाबादेनं २०१० च्या उष्णतेच्या लाटेतून धडा घेऊन २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छतं पांढरी करायचं काम हाती घेतलं. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. लातूर जिल्ह्यातल्या नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी हे का करू नये, याचं कारण मला सापडत नाही. चुना दरवर्षी द्यावा लागतो, एका पावसाळ्यात तो धुऊन जातो आणि आपल्याकडची धूळ त्यावर बसते, ही त्याची उणीव आहे. टिकाऊ हवं असेल तर फुटक्या पांढऱ्या लाद्यांचा थर म्हणजे चायना मोझॅक करावा. गळतीही थांबते.

नव्यानं बांधणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. गारव्यासाठी जाड आणि जड भिंतच लागते, ही माळवदानं आपल्याला लावलेली सवय आहे. उष्णता अडवायला अडकून बसलेली हवाही पुरते. आतून सच्छिद्र असलेले हलके सिमेंटचे ठोकळे, ज्यांना गवंडी एएसी ब्लॉक म्हणतात, ते तेवढ्याच आकाराच्या विटेच्या एक-तृतीयांश वजनाचे असतात आणि ऊन विटेपेक्षा कितीतरी कमी आत सोडतात. हलके म्हणून भूकंपाचा भार कमी, सच्छिद्र म्हणून उष्णता कमी, म्हणजे औशाचे दोन्ही प्रश्न एकाच ठोकळ्यात सुटायला लागतात. त्यांना पिलर-बीमचा सांगाडा मात्र नीट हवा. विटाच वापरायच्या असतील तर केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रूढ केलेली, आत पोकळी सोडून उभ्या विटा लावायची पद्धत आहे. तिच्यात विटाही पाव हिश्शानं वाचतात. मात्र आपल्याकडे ती करायची तर भूकंपाचे पट्टे आणि कोपऱ्यांतल्या उभ्या सळ्या टाळून चालणार नाही. १९९३ च्या आधी लातूरचा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या मानकांत तो तिसऱ्या क्षेत्रात गेला. गारव्यासाठी केलेला कुठलाही काटकसरीचा प्रयोग या कसोटीवर आधी घासून घ्यावा लागतो.

छतावर सौर पॅनेल बसवले तर ते वीज देतात, शिवाय तेवढ्या छताला सावलीही देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. ज्याला पुढे एसी घ्यायचाच आहे त्यानं आधी हे करावं.

यंत्रांमध्ये औशाला खरा मानवतो तो कूलर. आपला उन्हाळा कोरडा आहे, आणि हवा जितकी कोरडी तितका कूलर गुणी. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता निघून जाते. दोनशे वॅटचा कूलर रात्री आठ तास चालला तर दीड-दोन युनिटं लागतात. एवढ्या कमी खर्चात एवढा गारवा दुसरं कुठलंही यंत्र देत नाही. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. बरेच जण दार-खिडक्या बंद करून कूलर लावतात आणि मग चिकट वाटतं म्हणून त्यालाच नावं ठेवतात. पावसाळ्यात तो निरुपयोगी, आणि बोअरच्या जड पाण्यानं जाळीवर क्षार बसतात, तेव्हा ती बदलत राहावी लागते.

पण पाणी? मोठा कूलर रात्रभरात साठ-सत्तर लिटर पाणी पितो. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या हिशेबानं पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर मिळायचं. त्यातला पाव हिस्सा कूलरचा. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना हा हिशेब वेगळा सांगायची गरज नाही. ज्या वर्षी कूलरची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं त्याच वर्षी त्याच्यासाठी पाणी नसतं. छतावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून कूलरला वापरता येतं आणि ते मऊ असल्यानं जाळीही टिकते. टाकीची तयारी नसेल तर कूलरला घराचा एकमेव आधार समजू नये.

एसीबद्दल थोडक्यात. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी रात्रभरात सात-आठ युनिटं घेतो, आणि महावितरणचा दर शंभर युनिटांनंतर आणि पुन्हा तीनशेनंतर चढतो, त्यामुळे बिल वापरापेक्षा वेगानं फुगतं. तापमान चोवीसच्या खाली नेऊ नये. वर ठेवलेल्या प्रत्येक अंशामागे सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. पत्र्याच्या किंवा तापल्या स्लॅबच्या खोलीत एसी लावणं म्हणजे वरच्या शेगड्यांचं बिल आपण भरणं. आजारी किंवा वृद्ध माणसासाठी एक खोली, तीही छत पांढरं करून आणि फटी बुजवून, एवढ्यापुरता एसी योग्य आहे. सगळ्या घराला मध्यवर्ती यंत्रणा औशात कुणालाही लागत नाही.

थंडी इथं महिना-दीड महिन्याची. रात्री पारा दहा-बारापर्यंत येतो. पत्र्याच्या घरात तो जाणवतो, म्हणून काही घरांत शेगडी आत घेऊन दारं लावून निजतात. हे करू नये. कोळशाच्या धुरातल्या घातक वायूला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. छताखाली दुसरं छत लावलेल्या घराला याची गरजही पडत नाही, कारण उन्हाळ्यात ऊन अडवणारी पोकळी थंडीत ऊबही अडवते.

माझ्या मते औशाच्या घरासाठी क्रम असा लागतो. हलकं पण उष्णता अडवणारं छत आधी, त्यावर पांढरा रंग किंवा सावली, पश्चिमेला झाड, रात्री उघडता येतील अशा जाळीच्या खिडक्या. मग पाणी पाहून कूलर, आणि अगदी शेवटी एसी.

आणि ज्यांच्या गावात अजून माळवदाची घरं उभी आहेत, त्यांना एक कळकळीची विनंती. त्या घराचा गारवा खरा आहे, तरी डोक्यावरची माती साधारण वीतभर उरेल इतकी उतरवून घ्या. गळती थांबवायला तिच्याखाली प्लास्टिकचा कागद घाला, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरपे लाकडी टेकू मारा, भिंतीत आरपार दगड बसवा. १९९३ नंतर शासनानं घरांच्या मजबुतीकरणासाठी सुचवलेले उपाय याच प्रकारचे होते. हे काम सुगीनंतरच्या सवडीत गावातल्याच गवंडी-सुताराकडून होतं. ते आधी करा, कूलर नंतर घ्या.